पार्तिनाची अर्धी फेरी

आमच्या सालातिगा गावात सकाळी दारावर जामूवाली येते. जामू म्हणजे मुळ्यापाल्यांचा काढा. हळद-चिंचेचा, तांदूळ आणि कचोरा नावाच्या कंदाचा, नागवेलीच्या पानांचा, आणि एक कडू किराईताचा, जो पिताना मोठी माणसंसुद्धा डोळे मिटून घेतात. पार्तिनाची आई जामू विकायची, आईची आईही विकायची, आणि पार्तिना लग्न होऊन आमच्या गल्लीत आली ती सासरी टोपली घेऊनच आली.

मी तिची शेजारीण. गल्लीच्या तोंडाशी माझी टपरी आहे. उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याचं तिखट वाटण घालून मी पेचेल विकते. आम्हा दोघींचे केस काळे होते तेव्हापासून मी तिला रोज सकाळी जाताना आणि दुपारी येताना बघत आले. पाठीवर बाटल्यांची टोपली, ती लांब ओढणीनं छातीशी बांधलेली, एका हातात पेले विसळायची बादली. चाल अशी, की पाठीवर ओझं आहे हे बघणाऱ्याला कळूही नये.

मशिदीतल्या पहाटेच्या बांगेआधी तिच्या पाट्यावर हळद पडायची. तो आवाज ऐकून मी उठायचे. उजाडताना ती कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी उभी, कामावर जाणाऱ्या पोरी तिच्याभोवती गोळा. मग खालच्या गल्ल्या, मग बाजार, आणि शेवटी टेकडीच्या दगडी पायऱ्या चढून वरची आळी. परत आल्यावर धुणं, स्वयंपाक, दुसऱ्या दिवसाची मुळं आणायला पुन्हा बाजार. गल्लीत कुणाकडं कार्य असलं की चुलीशी पहिली तीच. बसलेली पार्तिना मी फक्त लग्नाच्या मांडवात पाहिली, आणि तिथंही तिच्या पुढ्यात सोलायला कांदे असायचे.

एका वर्षी पावसाच्या शेवटी गल्लीत चिकुनगुनिया आला. घरटी एक तरी माणूस पडलं. माझा नवरा पडला, मी पडले, पार्तिना पडली. आम्ही पंधरवड्यात उठलो. तीही उठली, पण तिचे सांधे काही उठले नाहीत. सकाळी बोटं अशी आखडायची की तिला गाठ सोडता येईना. आमचं गाव डोंगराच्या कुशीत, पहाटे चांगलाच गारठा असतो. तो तिच्या गुडघ्यांत जाऊन बसायचा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, महिने लागतील, कदाचित वर्षही. जमेल तेवढंच करा.

"जमेल तेवढं म्हणजे किती?" घरी येताना पार्तिनानं मला विचारलं.

"मला काय माहीत? तुझं तुला कळेल."

"मग मी सोमवारपासून फेरी सुरू करते."

सोमवारी तिनं पूर्वीइतकाच जामू केला. पाट्यावर हळद वाटायला तिला दुप्पट वेळ लागला, म्हणून कारखान्याच्या फाटकाशी पोचली तोवर भोंगा होऊन गेला होता. खालच्या गल्ल्या कशाबशा झाल्या. मी दुपारी भाजी संपली म्हणून बाजाराकडं निघाले, तर ही टेकडीच्या पायऱ्यांशी खाली बसलेली. टोपली बाजूला, बाटल्या निम्म्याहून जास्त भरलेल्या.

"काय गं, इथं काय करतेस?"

"दम खातेय. आता चढते."

"कधीची बसलीयेस?"

टोपली मी घेतली, बादली तिनं घेतली, आणि आम्ही घरी आलो. संध्याकाळपर्यंत उरलेला जामू आंबला. तिनं तो गटारात ओतला. गटार पिवळंधम्मक वाहत माझ्या टपरीपुढून गेलं.

मला वाटलं, झालं, आता हिच्या लक्षात येईल. कसलं काय. संध्याकाळी ती ओट्यावर आली आणि उद्याचा बेत सांगायला लागली. आज उशीर झाला म्हणून घोटाळा झाला. उद्या बांगेच्याही आधी उठते. पोरींना गाठते, मग बाजार, मग वरची आळी, येताना मुळं घेऊन येते आणि दुपारी पडदे धुते. हे सगळं ती इतक्या खात्रीनं सांगायची की ऐकणाऱ्यालाही खरं वाटावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायऱ्यांशी, किंवा त्याच्याही अलीकडं. पुन्हा गटार पिवळं. आणि संध्याकाळी पुन्हा नवा बेत, आदल्या दिवशीचं राहिलेलं त्यात धरून. त्यामुळं रोजचा बेत आदल्या दिवसापेक्षा मोठा.

तिचा मुलगा त्रियोनो समारांगला बसकंपनीत आहे. तो सुट्टीला आला, आईची दशा बघितली आणि म्हणाला, "आई, बंद कर आता. आम्ही पाठवतो ना तुला."

"मी मागितलं का तुझ्याकडं काही?"

"मागायचा प्रश्न नाही. हल्ली दुकानात पुड्या मिळतात, पाण्यात टाकल्या की जामू तयार. लोक तेच पितात."

"मग तूही तेच पी."

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तो निघाला तेव्हा मात्र तिनं त्याच्या पिशवीत हळद-चिंचेची बाटली कोंबली, आणि त्यानंही ती मुकाट्यानं नेली. मला म्हणाली, "एक तर म्हणतो सगळं सोड. दुसरं काही सुचतच नाही त्याला." मी मनात म्हटलं, तुलाही सगळं करायचं एवढंच सुचतंय. पण ते तेव्हा बोलले नाही.

वरच्या आळीत कासियेम म्हणून तिची जुनी मैत्रीण राहते. त्याच सुमाराला कासियेमची सून बाळंत झाली. आमच्याकडं बाळंतिणीला चाळीस दिवस रोज जामू द्यायचा असतो. अंगावर दूध येण्याचा वेगळा, कंबर भरून येण्याचा वेगळा. पार्तिनानं कासियेमच्या मुलाच्या वेळी कासियेमला दिला होता. आता त्या मुलाच्या बायकोला तीच देणार, यात कुणी विचारण्यासारखंही नव्हतं. पार्तिनानं शब्द दिला, रोज येते.

पहिल्या आठवड्यात ती एक दिवसाआड पोचली. दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस पोचलीच नाही. रोज सकाळी तिला वाटायचं आज जाईन, म्हणून तिनं निरोपही पाठवला नाही. चौथ्या दिवशी कासियेम स्वतः खाली उतरून आली. रागावली नव्हती, आणि तेच पार्तिनाला जास्त लागलं.

"बरं नाही का गं?" कासियेमनं विचारलं.

"बरी आहे. थोडं पाय धरतात. उद्या येते नक्की."

"पार्तिना, पोरगी रोज दारात बसते वाट बघत. तू यायची म्हणून आम्ही दुसरा जामू घेत नाही. तू नाही म्हणाली असतीस तर मी त्या दुसऱ्या जामूवालीला, मुर्सितीला सांगितलं असतं. नाही म्हणायला काय झालं होतं तुला?"

ती गेल्यावर पार्तिना माझ्या टपरीवर आली आणि बाकावर बसली. गिऱ्हाईक नव्हतं. मी मिरच्या खुडत होते.

"खरं सांग," ती म्हणाली. "मला होत नाही ना पूर्वीसारखं?"

"नाही होत."

"सगळ्यांना दिसत होतं?"

"गल्लीतल्या कोंबड्यांनासुद्धा."

ती हसली नाही. मग मी जे इतके दिवस गिळलं होतं ते बोलून टाकलं. "तू रोज संध्याकाळी उद्याची कामं ठरवतेस ना, ती तापाआधीच्या बाईला सांगतेस. ती बाई हल्ली येत नाही कामाला. जी येते तिला विचार की काय जमेल."

"तिला काही जमत नाही."

"असं नाही. परवा दुपारी तू माझ्यासमोर बसून टोपलीभर आलं सोललंस. बोटं चालत होती की."

ती आपली बोटं बघायला लागली. मग आम्ही दोघी त्या बाकावर बसून हिशेब मांडत बसलो. कागद नाही, काही नाही, नुसतं बोलून. सकाळी हात कधी सुटतात? समोरच्या भिंतीवर ऊन आलं की. पाय किती वेळ चांगले? दुपारच्या बांगेच्या जरा आधीपर्यंत, मग जड होतात. आणि दुपारी? दुपारी पायांत काही नसतं, पण बसून हात चालतात. संध्याकाळी काहीच नाही. संध्याकाळी फक्त बेत होतात, असं तीच म्हणाली.

म्हणजे सोलणं-चिरणं दुपारी बसून करायचं. तांदूळ रात्री भिजवायचे. सकाळी फक्त वाटायचं, उकळायचं, गाळायचं. ऊन भिंतीवर आलं की निघायचं आणि खालच्या गल्ल्या करून पाय जड व्हायच्या आत घरी. दर पाचव्या दिवशी, म्हणजे पोनला, मोठा बाजार भरतो; त्या दिवशी घरोघरच्या बायका बाजारात असतात, तेव्हा फेरीच नको.

"आणि कारखान्याच्या पोरी?" मी विचारलं.

"त्या जातील." जरा थांबून म्हणाली, "त्यांतल्या कितीतरी जणींची लग्नं ठरताना मी ऐकलीयेत गं. फाटकाशी उभं राहून सगळं सांगायच्या मला."

मी पुन्हा मिरच्या खुडायला घेतल्या.

राहिला प्रश्न सकाळच्या वाटण्याचा. आखडलेल्या बोटांनी पाटा धरवत नव्हता. तिचा नवरा सार्जोनो जन्मभर सायकलरिक्षा चालवून आता घरी बसलेला. सकाळी उठून पिंजऱ्यातल्या कवड्याशी शीळ घालत बोलायचं, हे त्याचं काम. स्वयंपाकघराचा उंबरा त्यानं फक्त जेवायला ओलांडलेला.

"अहो, उद्यापासून हळद तुम्ही वाटायची," पार्तिनानं सांगितलं. मी तिथंच होते.

"मी?"

"मग काय कवडा वाटणार?"

सार्जोनोनं माझ्याकडं बघितलं, जणू मी त्याला सोडवीन. मी भिंतीकडं बघितलं.

पहिल्या दिवशी त्यानं हळद वाटली तशी भिंतही रंगवली. आठवड्यानं जरा बरं जमायला लागलं. हाताचा पिवळा रंग काही जाईना. रिक्षाथांब्यावरचे त्याचे दोस्त विचारायचे, "काय सार्जोनो, या वयात हळद लागली? नवरी कुठली?" तो म्हणायचा, "जुनीच आहे. पुन्हा लावून घेतली." पण खरं सांगते, त्याला ते काम आवडायला लागलं होतं. वाटताना तो शीळ घालायचा, आणि पार्तिना चुलीशी स्टूल घेऊन बसायची. इतक्या वर्षांत त्या घरात सकाळी दोन माणसांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

वरची आळी मात्र सुटत नव्हती. तिथं आता कोण जाणार हे ठरवल्याशिवाय तिला चैन पडेना, आणि जाण्यासारखी एकच होती. मुर्सिती. वयानं लहान, स्कूटरला खोका बांधून त्यात बाटल्या घालून फिरायची. पार्तिना तिच्याबद्दल बाजारात काय काय बोलली होती ते सगळ्या बाजाराला माहीत होतं. तरी ती गेली. मला बरोबर घेऊन गेली, म्हणजे मी चूप बसायचं या अटीवर.

मुर्सितीनं चटई टाकली, चहा ठेवला. "काय काम काढलंत ताई?"

"वरची आळी घेतेस का?"

मुर्सितीनं कप खाली ठेवला. "का? तिथं काही भांडण झालंय?"

"भांडण नाही. पायऱ्या आहेत."

"माझी गाडी मागच्या रस्त्यानं जाते वर."

"म्हणूनच आले."

मुर्सितीनं कप पुन्हा उचलला. मग म्हणाली, "तुम्ही माझ्याबद्दल काय बोलला होतात ते मी विसरले नाही हं. ही काढा विकते का पेट्रोल, असं म्हणाला होतात. मासळीवालीपुढं."

"म्हणाले असेन." पार्तिनानं चहाचा घोट घेतला. "वास येतोच जरा."

मला वाटलं, आता उठावं लागणार. पण मुर्सिती हसायलाच लागली. हसता हसता म्हणाली, "खोका झाकते बाई उद्यापासून." आणि आळी घेतली.

कासियेमकडं पहिल्या दिवशी पार्तिना स्वतः गेली. मुर्सितीच्या मागं, स्कूटरवर, तिच्या कमरेला घट्ट धरून. गल्लीतल्या बायका बघायला बाहेर आल्या. पार्तिनानं कुणाकडं बघितलं नाही. वर पोचल्यावर काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. तिनं कासियेमला सांगितलं, ही आजपासून येईल, रोज येईल, कंबरेचा काढा हिचा चांगला असतो, मी चाखून बघितलाय.

"म्हणजे तू नाही येणार," कासियेम म्हणाली.

"जामू घेऊन नाही. नुसती येईन. कुणी असं गाडीवर आणलं तर."

कासियेमनं तिचा हात हातात घेतला आणि बोटं चोळत बसली. सून मुर्सितीचा जामू प्यायली, तिनं ओठ पुसले आणि म्हणाली, "हा किती छान आहे."

बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण पार्तिनाला ते लागलं. परत आल्यावर मला म्हणाली, "साखर जास्त घालते ती." संध्याकाळी पुन्हा म्हणाली. पुढच्या पोनला, फेरी नव्हती म्हणून माझ्याकडं बसली होती, तेव्हा एकदम म्हणाली, "गूळ कुठून आणते कोण जाणे. चांगला आहे गूळ." त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही.

असं वाटेल की मग सगळं सुरळीत झालं. तसं नाही झालं. दोन-तीन महिन्यांनी तिच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाच्या सकाळी पार्तिना उठली ती अंग हलकं घेऊनच. बोटं सुटलेली, गुडघे गप्प. तिला इतका आनंद झाला की तिनं हळद स्वतः वाटली. सार्जोनो पाट्यापाशी उभाच राहिला. मग खालच्या गल्ल्या केल्या, तिथून पोरींना गाठायला कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी गेली, तिथून लग्नघरी जाऊन चुलीपुढं उभी राहिली, आणि पंगती उठल्यावर भांड्यांनाही बसली. मी म्हटलं, "अगं, पुरे." ती म्हणाली, "आज मला काही होत नाहीये. आज करू दे."

दुसऱ्या दिवशी तिला कूस बदलता येईना. आठवडाभर ती अंथरुणाला खिळली. मी पेज घेऊन जायचे, तर ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. एकदा म्हणाली, "वाईट दिवशी मी आपोआप गप्प बसते. चांगल्या दिवसानं घात केला माझा."

पण या वेळी एक गोष्ट वेगळी झाली. पहिल्याच सकाळी सार्जोनोनं सदरा घातला, कवड्याला पाणी ठेवलं आणि तो तिच्या फेरीच्या वाटेनं निघाला. टोपली नाही, काही नाही. एकेका दारात उभा राहून सांगत गेला, "पार्तिना आज येणार नाही. उद्याही नाही. उठली की मीच सांगायला येईन." कुणी त्याला चहा दिला, कुणी पपई दिली. एका म्हातारीनं कवड्याची चौकशी केली. तो दुपारी हातात दोन पिशव्या घेऊन परत आला आणि बायकोला म्हणाला, "लोक काही बोलले नाहीत गं. म्हणाले, बरं झालं सांगितलंत."

पार्तिनानं पडल्या पडल्या पिशवी चाचपली. मग म्हणाली, "पपई कुणी दिली?"

त्यानंतर ती चांगल्या दिवसांना सांभाळायला शिकली. ते तिला जास्त जड गेलं. अंगात जोर असताना टोपली उतरवून ठेवायची, याची तिला लाज वाटायची. खालच्या गल्ल्या संपल्या की ती माझ्या टपरीवर येते. आता जामू कमीच करते, त्यामुळं बाटल्या रिकाम्या असतात. बाकावर बसते आणि पेचेल खाते. पूर्वी तिनं माझं पेचेल कधी बसून खाल्लं नव्हतं, पानात गुंडाळून न्यायची. दुपारी आलं-हळद सोलते, मग झोपते. संध्याकाळी काही ठरवत नाही. कुणी विचारलं, उद्या येणार का, तर म्हणते, ऊन आलं की सांगते.

कारखान्याच्या पोरी गेल्या त्या गेल्याच. आता फाटकाशी मुर्सितीही जात नाही, तिथं पुड्यांचं दुकान झालंय. दोघी-तिघी मात्र रविवारी सुट्टी असते म्हणून तिच्या घरी येतात, ओट्यावर बसून पितात आणि कुणाचं काय चाललंय ते सांगतात. कासियेमकडं ती महिन्यातून एखाद्या वेळी मुर्सितीच्या मागं बसून जाते. कासियेमचा नातू आता रांगतो.

परवा वॉर्डातला पोरगा आला. स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम होता, पोत्यांची शर्यत वगैरे, आणि येणाऱ्या सगळ्यांना जामू द्यायचा होता. पार्तिना माझ्याकडं खात बसली होती.

"मावशी, चारही प्रकार लागतील," तो म्हणाला. "दर वर्षीसारखे."

पार्तिनानं घास गिळला, पाणी प्यायली. "एक जमेल. हळद-चिंचेचा. आणि न्यायला दोन माणसं सकाळी घरी पाठव, मी वाहून आणणार नाही."

"पण मावशी, पूर्वी तुम्ही एकट्या..."

"हो, पूर्वी. बाकीचे तीन मुर्सितीला विचार. नाही म्हणाली तर मला येऊन सांग, मग आपण एकावरच भागवू."

पोरगा डोकं खाजवत गेला. मला वाटलं, आता ही मागून हाक मारील, अरे करते रे, असं म्हणेल. तिनं मान वळवून तो कोपऱ्यापर्यंत जाताना बघितलं खरं. पण हाक मारली नाही. मग ताटली माझ्यापुढं केली आणि म्हणाली, "वाटण आज पातळ झालंय."

झालंच होतं. सकाळी माझी फार घाई झाली होती.